फ्रिजमध्ये ठेवलेलं सॅम्पल

मागे एकदा एक काका शीचं सॅम्पल घेऊन लॅबमध्ये आले. डबी दोन पिशव्यांत बांधलेली, वर चिकटपट्टी लावलेली आणि हातात घेतली तर थंडगार. विचारलं तर म्हणाले, मॅडम रात्री साडेदहालाच झालं होतं, खराब होऊ नये म्हणून फ्रिजमध्ये वेगळ्या डब्यात ठेवलं आणि सकाळी उठून पहिलं काम हेच केलं. इतक्या काळजीने आणलेलं सॅम्पल, आणि मला त्यांना सांगावं लागलं की काका, आपल्याला यात जे परजीवी हलताना बघायचेत ते रात्रीतच मेलेले असणार.

चेहरा पडला हो त्यांचा. चूक त्यांची नव्हतीच, त्यांना डबी देताना कुणी काही सांगितलंच नव्हतं, हातात फक्त 'स्टूल रुटीन' असं लिहिलेला कागद. किती दिवस जुलाब होतायत, रक्त आहे का, ताप आहे का, आधी कुठल्या गोळ्या झाल्या, फॉर्मवर यातलं एक अक्षर नाही. मीच विचारलं तेव्हा कळलं की नऊ दिवस झालेत, दिवसातून पाच-सहा वेळा, रक्त नाही, ताप नाही, पोट फुगतं आणि मध्येच एक अँटिबायोटिकचा कोर्सही करून झालाय. ते सॅम्पल मी तरीही बघितलं, कारण सिस्ट, म्हणजे परजीवींचं कवचातलं रूप, असत्या तर त्या फ्रिजमध्येही टिकल्या असत्या. काही दिसलं नाही. रिपोर्ट गेला, ओव्हा (जंतांची अंडी) नॉट सीन, सिस्ट नॉट सीन.

या 'नॉट सीन'बद्दलच लिहायचंय आज, बरेच दिवस डोक्यात आहे. रिपोर्ट हातात आला की लोक वाचतात 'नाही', आणि खूपदा लिहून देणारे डॉक्टरही तसंच वाचतात. मी लिहिलेलं असतं की मला दिसलं नाही. या दोन वाक्यांच्या मध्ये किती काय काय घडून गेलेलं असतं ते मायक्रोस्कोपवर बसणाऱ्यालाच माहीत.

आधी एक गोष्ट सांगून टाकते, नाहीतर कुणीतरी दोन दिवसांच्या जुलाबाला धावत लॅब गाठेल. अचानक सुरू झालेले जुलाब बहुतेक वेळा व्हायरसमुळे नाहीतर बॅक्टेरियामुळे असतात आणि निरोगी माणसात बरेचसे आपोआप थांबतात. पहिले दोन-चार दिवस महत्त्वाचं काय तर अंगातलं पाणी, ओआरएस, आणि लहान मूल असेल तर सोबत १० ते १४ दिवस झिंक. तेव्हा परजीवी शोधत बसायचं सहसा कारण नसतं. अमेरिकेतल्या संसर्गरोगतज्ज्ञांच्या संघटनेची २०१७ ची गाइडलाइन आहे, त्यात ७ दिवसांच्या आतले जुलाब अॅक्यूट, ७ ते १३ दिवस लांबलेले, १४ ते २९ दिवस चिवट आणि त्यापुढचे क्रॉनिक अशी विभागणी केलीय, आणि परजीवींचा विचार गंभीरपणे करायचा तो मुख्यतः १४ दिवस झाले की. पण दिवस मोजत बसायचं असंही नाही. रक्त आणि आव पडतेय, पेशंटची प्रतिकारशक्ती कमी आहे, एचआयव्ही आहे, अवयव बदललेला आहे, स्टेरॉइड चालू आहेत किंवा करायचा विचार चाललाय, किंवा एकाच ठिकाणचं पाणी प्यायलेली बरीच माणसं एकदम आजारी पडली आहेत, अशा वेळी आधीच शोधायला लागायचं.

आणि शोध सुरू होतो तो प्रश्नांपासून, हे मी नवीन येणाऱ्या प्रत्येकाला सांगते. जेवल्यावर चार-सहा तासांत उलट्या-जुलाब सुरू झाले तर जिआर्डिया या आतड्यातल्या एकपेशीय परजीवीचा विचार मनात आणायचं कारणच नाही, त्याला आत शिरल्यापासून त्रास द्यायला साधारण एक ते दोन आठवडे लागतात. क्रिप्टोस्पोरिडियम आणि सायक्लोस्पोरा या तसल्याच दुसऱ्या दोघांना आठवडाभर. अमिबाची आव तर हळूहळू चढते, एक-दोन आठवडे पोटात कळा, मग रक्त-आव, ताप बऱ्याच जणांना नसतोच, माणूस चालत-फिरत ओपीडीत येतो. शिगेला या बॅक्टेरियाचा पेशंट मात्र दोन दिवसांतच तापाने फणफणलेला आणि गळून गेलेला असतो. म्हणजे 'आजारी पडायच्या आधीच्या पंधरा दिवसांत कुठे गेला होतात, कुठलं पाणी प्यायलात' हा प्रश्न विचारायला हवा, आणि आपण विचारतो काल काय खाल्लंत. काल काय खाल्लं ते परजीवीच्या बाबतीत जवळजवळ कधीच उपयोगाचं नसतं.

आता सॅम्पल. यावर मी जरा जास्तच बोलणार आहे कारण निम्मी लढाई इथेच हरली जाते असं माझं स्पष्ट मत आहे.

अमिबा काय किंवा जिआर्डिया काय, या जिवांची दोन रूपं असतात. एक ट्रोफोझॉइट, म्हणजे जिवंत, हलणारं, आतड्यात खाऊन-पिऊन वाढणारं रूप, आणि दुसरं सिस्ट, म्हणजे कवचात गुंडाळलेलं, बाहेरच्या जगात तग धरणारं रूप. आतड्यात शी घट्ट व्हायला वेळ मिळाला तर जीव सिस्ट बनवतो, पण जुलाब जोरात असले की तेवढा वेळच मिळत नाही आणि ट्रोफोझॉइट तसेच बाहेर पडतात. म्हणजे पेशंट जितका जास्त त्रासात तितकं आपल्याला दिसायला हवं असलेलं रूप जास्त नाजूक. बाहेर पडल्यावर ते पुन्हा सिस्ट बनवू शकत नाही, ते मरतं आणि विरघळून जातं. म्हणून पाण्यासारखी पातळ शी असेल तर ती झाल्यापासून अर्ध्या तासात स्लाइडवर आली पाहिजे, जरा दाटसर असेल तर एका तासात. बांधलेली असेल तर घाई नाही, त्यात सिस्टच असणार, ती फ्रिजमध्ये दिवसभर ठेवली तरी चालते. नेमकं उलटं होतं बघा, पातळ सॅम्पल घरून दोन-तीन तासांनी येतं आणि मग लॅबच्या टेबलवर वर्कलिस्टमध्ये आपला नंबर लागायची वाट बघत बसतं.

लघवी मिसळली तरी ट्रोफोझॉइट मरतात, कमोडमधल्या पाण्यातून उचललं तरी गडबड, त्या पाण्यातले स्वतंत्र राहणारे जीव स्लाइडवर येऊन फसवतात. बेरियमचा एक्स-रे झाला असेल तर पुढचा आठवडा-दोन आठवडे स्लाइडवर पांढऱ्या कणांशिवाय काही दिसत नाही. बिस्मथ, अँटासिड, पोट साफ व्हायला घेतलेलं तेलकट औषध, सगळ्याचा अडथळा. आणि अँटिबायोटिक. मेट्रोनिडाझोलच्या, म्हणजे अमिबा-जिआर्डियावर देतात त्या औषधाच्या, दोन गोळ्या घेऊन झाल्यावर लोक टेस्टला येतात. त्या दोन गोळ्यांनी आजार बरा झालेला नसतो पण सॅम्पलमधले जीव इतके कमी झालेले असतात की सापडत नाहीत, मग पुढचे दोन आठवडे 'नॉट सीन' या शब्दांना फारसा अर्थ राहत नाही. मेट्रोनिडाझोल सुरू करायचंच असेल तर सॅम्पल आधी, गोळी नंतर, एवढं जरी पाळलं तरी खूप.

अर्ध्या तासात लॅब गाठणं शक्यच नसेल तर प्रिझर्व्हेटिव्हची डबी मागायची. १० टक्के फॉर्मेलिन असलेल्या डबीत सिस्ट आणि जंतांची अंडी छान टिकतात, ट्रोफोझॉइटसाठी दुसरं द्रावण असतं, पीव्हीए किंवा एसएएफ. हालचाल दिसणार नाही पण आकार टिकतो, नंतर स्टेन करून, म्हणजे रंगवून, बघता येतं. नाहीतर सरळ लॅबमध्ये येऊन तिथल्याच टॉयलेटमध्ये द्यायचं. लाज वाटण्यासारखं काही नाही यात, आमच्यासाठी तेच सगळ्यात चांगलं सॅम्पल.

ताजं सॅम्पल आलं की मी आधी नुसत्या डोळ्यांनी बघते. रक्त कुठे आहे, आव कुठे आहे, आणि स्लाइड बनवायला तोच भाग उचलते. हे न करता डबीतून कुठूनही काडी फिरवून घेतली तर पुढची सगळी मेहनत फुकट. मग एका स्लाइडवर सलाइनचा थेंब, शेजारी आयोडीनचा, दोन्हीत थोडं थोडं सॅम्पल, वर कव्हरस्लिप. जाडी इतकीच ठेवायची की खाली ठेवलेल्या कागदावरची अक्षरं वाचता आली पाहिजेत. सलाइनमध्ये हालचाल दिसते, आयोडीनमध्ये ट्रोफोझॉइट मरतात पण सिस्टचे न्यूक्लियस (पेशीतली केंद्रकं) मोजता येतात. नुसती आयोडीनची स्लाइड करून मोकळे होणारे लोक मी बघितलेत, फार वाईट वाटतं.

जिआर्डिया हलताना पहिल्यांदा बघितला तो क्षण अजून आठवतो. झाडावरून गळालेलं पान हेलकावे खात खाली येतं ना तसा तो डोलत जातो, नासपतीसारखा आकार, १०-१५ मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जीव, दोन न्यूक्लियस म्हणजे जणू दोन डोळे, आपल्याकडे बघतोय असंच वाटतं. १६८१ मध्ये हॉलंडमधल्या डेल्फ्ट गावच्या अँटनी व्हॅन लेव्हेनहूकने हाच जीव स्वतःच्याच पातळ शीमध्ये, स्वतः घासून बनवलेल्या एका भिंगाखाली बघितला होता. तो डॉक्टर नव्हता, कापडाचा व्यापारी होता. त्याने त्या जिवाचं सपाट पोट, बारीक पाय हलवल्यासारखी चाल असं वर्णन लिहून ठेवलंय आणि हेही लिहिलंय की शी नेहमीपेक्षा पातळ असताना हे दिसले. मला राहून राहून याचं कौतुक वाटतं, ताजं सॅम्पल आणि लक्षणांची नोंद या दोन्ही गोष्टी त्याने तेव्हाच केल्या होत्या, साडेतीनशे वर्षांपूर्वीच्या आसपास, आणि आम्ही अजून रिकाम्या फॉर्मवर सॅम्पल घेतोय.

आता अमिबा. इथे माझ्या हातून झालेली एक चूक सांगते, कारण ती चूक फार कॉमन आहे आणि लपवून कुणाचंच भलं होणार नाही.

नोकरीच्या पहिल्याच वर्षी रक्त-आव असलेलं एका मुलीचं सॅम्पल आलं होतं. स्लाइडवर गोल मोठ्या पेशी, आत कणकण, एक-दोघींमध्ये लालसर ठिपके. मी उत्साहात लिहिलं, एंटअमिबा हिस्टोलिटिका (आव करणारा अमिबा) ट्रोफोझॉइट सीन. आमच्या सिनियर मॅडमनी रिपोर्ट जायच्या आधी स्लाइड मागितली, पाच मिनिटं काही न बोलता बघितली आणि म्हणाल्या, यातली एक तरी हललेली दाखव मला. एकही हलत नव्हती. त्या मॅक्रोफेज होत्या, आपल्याच शरीरातल्या सफाई करणाऱ्या पेशी, आणि आजूबाजूला पस सेल्सचा, म्हणजे पूमधल्या पांढऱ्या पेशींचा, नुसता खच पडलेला. कल्चरमध्ये, म्हणजे जंतू वाढवून बघितल्यावर, शिगेला आला. मॅडमनी थांबवलं नसतं तर त्या मुलीला मेट्रोनिडाझोल मिळालं असतं आणि शिगेला तसाच राहिला असता.

तेव्हापासून मी शिकले की अमिबा म्हणण्याआधी थांबायचं. खरा हिस्टोलिटिका ताज्या सॅम्पलमध्ये एका दिशेने, ठरवून चालल्यासारखा जातो, काचेसारखा पारदर्शक पाय पुढे काढतो आणि मागून बाकीचं अंग त्यात ओतल्यासारखं येतं. त्याच्या पोटात गिळलेल्या लाल पेशी दिसल्या आणि तो हलतोय, तर मग लिहायला हरकत नाही, आणि तो रिपोर्ट टेबलवर ठेवायचा नाही, ताबडतोब फोन करायचा. अमिबाच्या आवेत पस सेल्स तुलनेने कमी असतात कारण हा जीव त्यांनाही मारून टाकतो, लाल पेशी गठ्ठ्यांनी दिसतात, कधी शार्को-लेडनचे टोकदार क्रिस्टल. बॅक्टेरियाच्या हगवणीत पस सेल्सनी स्लाइड भरून वाहते. म्हणजे जीव सापडण्याआधीच आजूबाजूचं दृश्य बरंच काही सांगून जातं.

नुसत्या सिस्ट सापडल्या तर वेगळाच पेच. हिस्टोलिटिकाची सिस्ट चार न्यूक्लियसवाली, १० ते २० मायक्रॉनची. आणि एंटअमिबा डिस्पार नावाचा एक जीव आहे, त्याची सिस्ट हुबेहूब तशीच, मायक्रोस्कोपखाली कुणालाही, कितीही अनुभव असो, फरक करता येत नाही. डिस्पार आजार करत नाही. फ्रान्सच्या एमिल ब्रुम्पने १९२५ मध्येच सांगितलं होतं की हे दोन वेगळे जीव असले पाहिजेत, कारण इतक्या लोकांच्या पोटात या सिस्ट असतात आणि आजारी मात्र त्यातले थोडेच पडतात. त्याचं कुणी ऐकलं नाही. डायमंड आणि क्लार्क यांनी १९९३ मध्ये पुराव्यासकट दोन्ही वेगळे केले, आणि १९९७ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांच्या बैठकीत ठरलं की नुसत्या मायक्रोस्कोपवर सिस्ट दिसली तर 'हिस्टोलिटिका किंवा डिस्पार' असंच लिहायचं आणि त्रास नसलेल्या माणसाला तेवढ्यावरून औषध द्यायचं नाही. तरीसुद्धा आजही कित्येक रिपोर्टवर सरळ 'ई. हिस्टोलिटिका सिस्ट सीन' छापलेलं येतं, आणि माणूस वर्षानुवर्षं सांगत फिरतो की मला अमिबा आहे, दर थोड्या दिवसांनी कोर्स करावा लागतो. त्यातल्या किती जणांना खरंच होता कोण जाणे. फरक करायचा असेल तर हिस्टोलिटिकासाठीच बनवलेली अँटिजेन टेस्ट (जिवाचं प्रोटीन ओळखणारी) किंवा पीसीआर (त्याचा डीएनए ओळखणारी) लागते.

याच्या उलट चूक जास्त भयंकर. रक्त-आव आहे, कोलोनोस्कोपीत अल्सर दिसले, अल्सरेटिव्ह कोलायटिस (मोठ्या आतड्याला सूज आणि जखमा होणारा, जंतूंशिवायचा आजार) म्हणून स्टेरॉइड सुरू केले, आणि खरं कारण होतं अमिबा. स्टेरॉइडनी शरीराचा प्रतिकार दबतो, आतड्याला भोकं पडू शकतात, माणूस जाऊ शकतो. म्हणून स्टेरॉइड द्यायच्या आधी अमिबा नीट शोधायचा, एका सॅम्पलवर समाधान मानायचं नाही, अल्सरच्या काठाचा तुकडा बायोप्सीला पाठवायचा, रक्तात अँटिबॉडी बघायच्या. हे मी कळकळीने लिहितेय. असा एक पेशंट मी जवळून बघितलाय, त्याचं पहिलं सॅम्पल तीन तास उशिरा आलेलं होतं.

आता तो जीव जो मागितल्याशिवाय सापडतच नाही. क्रिप्टोस्पोरिडियम. याची ओओसिस्ट, म्हणजे बाहेर पडणारं कवचातलं रूप, फक्त ४ ते ६ मायक्रॉनची, लाल रक्तपेशीपेक्षाही जराशी लहानच. साध्या सलाइन-आयोडीनच्या स्लाइडवर ती यीस्टसारखी दिसते, नजर तिच्यावरून घसरून पुढे जाते. तिला बघायचं तर मॉडिफाइड अॅसिड फास्ट स्टेन करावा लागतो, टीबीच्या स्टेनचाच भाऊ, फक्त रंग धुवून काढायला सौम्य अॅसिड वापरायचं. मग निळ्या पार्श्वभूमीवर गुलाबी-लाल गोल ठिपके उठून दिसतात आणि यीस्ट निळ्यातच राहतात. हा स्टेन रुटीनमध्ये नसतो. फॉर्मवर 'स्टूल रुटीन' लिहिलं असेल तर माझ्यासारखीच कुणीतरी तुमचं सॅम्पल बघून 'नॉट सीन' लिहील, प्रामाणिकपणे लिहील, आणि क्रिप्टो त्याच डबीत हजारोंनी असेल.

अमेरिकेतल्या मिलवॉकी शहरात १९९३ च्या वसंतात हेच झालं. शहराच्या नळाच्या पाण्यातून क्रिप्टो पसरला, अंदाजे ४ लाख ३ हजार लोक आजारी पडले. या जिवावर क्लोरीनचा नेहमीचा डोस काही चालत नाही. मेडिकल दुकानांतली जुलाबाची औषधं संपली, शाळा-ऑफिसात लोक कमी, आणि सुरुवातीला रुटीन टेस्ट निगेटिव्ह येत होत्या, कारण क्रिप्टोची तपासणी मुद्दाम मागावी लागायची आणि ती कुणी फारशी मागतच नव्हतं. ज्या लॅबनी तो स्टेन केला त्यांना दिसला.

आणि हा फक्त एचआयव्हीच्या पेशंटचा जीव आहे हा समज आता सोडायला हवा. आफ्रिका आणि दक्षिण आशियातल्या सात ठिकाणी ५ वर्षांखालच्या २२ हजारांहून जास्त मुलांचा मोठा अभ्यास झाला, जेम्स म्हणतात त्याला, २०१३ मध्ये लॅन्सेटमध्ये आला. एक वर्षाच्या आतल्या बाळांच्या मध्यम ते तीव्र जुलाबात रोटाव्हायरसच्या खालोखाल क्रिप्टो निघाला. आणि गंमत म्हणजे त्याच अभ्यासात जिआर्डियाचा तीव्र जुलाबाशी तसा संबंध दिसला नाही, धडधाकट मुलांच्या पोटातही तो भरपूर होता. म्हणजे सापडला म्हणून तोच दोषी असंही नाही. एवढ्याशा बाळाच्या रिपोर्टवर 'जिआर्डिया सिस्ट सीन' बघून शोध तिथेच थांबवला की खरं कारण हातून सुटू शकतं.

याच स्टेनवर आणखी दोघं दिसतात. सायक्लोस्पोरा, गोल, ८ ते १० मायक्रॉन, म्हणजे क्रिप्टोच्या जवळजवळ दुप्पट, काही गडद लाल तर काही अगदी फिके, आणि यूव्ही लाइटखाली न रंगवताच निळसर चमकतात. आणि सिस्टोआयसोस्पोरा, लांबट, पंचवीस-तीस मायक्रॉन. या दोघांना को-ट्रायमॉक्सॅझोल हे औषध लागू पडतं, क्रिप्टोला पडत नाही. म्हणून मायक्रॉन मोजायला आळस करायचा नाही, आयपीसमध्ये पट्टी बसवलेली असते ती त्यासाठीच. नुसत्या अंदाजाने क्रिप्टो लिहिलं आणि होता सायक्लोस्पोरा, तर पेशंटला मिळू शकणारं औषध मिळालं नाही.

मशीनबद्दलही विचारतात बरेच जण. अँटिजेनचं किट, इलायझा, आणि आता एका डबीतून वीस-बावीस जंतू शोधणारं पीसीआरचं पॅनेल. चांगली आहेत, क्रिप्टो आणि जिआर्डियासाठी तर डोळ्यापेक्षा सरसच, आणि काकांचं फ्रिजमधलं सॅम्पल तिथे चाललं असतं. पण पॅनेलमध्ये जे नाही ते सापडणार नाही, जंतांची अंडी, स्ट्राँगिलॉइडिस नावाच्या जंताच्या अळ्या त्यात सहसा नसतात, आणि पीसीआरला मेलेला जीव आणि जिवंत जीव यातला फरक कळत नाही.

स्ट्राँगिलॉइडिसवरून आठवलं, रक्ताच्या रिपोर्टकडेही नजर टाकावी. जुलाब आहेत आणि इओसिनोफिल (पांढऱ्या रक्तपेशींचा एक प्रकार) वाढलेत तर जिआर्डिया किंवा अमिबा हे त्याचं कारण नसतं, ते दोघं इओसिनोफिल वाढवत नाहीत. अंगात शिरणारे जंत शोधायचे, स्ट्राँगिलॉइडिस पहिला, आणि एकपेशीय जिवांत सिस्टोआयसोस्पोरा.

आणखी एक, हे फार थोड्या जणांच्या लक्षात येतं. लहान मूल, ताप आणि जुलाब, आणि मलेरियाचा भाग किंवा तिथून नुकतंच आलेलं, तर शी तपासायच्या आधी रक्ताची स्मीअर. फाल्सिपेरम मलेरियात मुलांना उलट्या-जुलाब होतात आणि सगळ्यांचं लक्ष पोटाकडे जातं. परजीवीच आहे, पण डबीत सापडणार नाही, आणि इथे एक दिवस उशीरसुद्धा महाग पडतो.

काकांकडे परत येते. त्यांना मी समजावलं की एका सॅम्पलवर जाऊ नका, हे जीव रोज सारखे बाहेर पडत नाहीत, जिआर्डिया तर एका सॅम्पलमध्ये साधारण निम्म्या ते दोन-तृतीयांश पेशंटमध्येच सापडतो, एकेक दिवस सोडून तीन दिली तर दहातल्या नऊ जणांत. दुसरं सॅम्पल त्यांनी लॅबमध्ये येऊनच दिलं, ताजं, मी दहा मिनिटांत स्लाइडवर घेतलं आणि पूर्ण कव्हरस्लिप वरपासून खालपर्यंत फिरवून बघितली, काही नाही. अँटिबायोटिकचा परिणाम असेल असं मनात आलं. तिसऱ्याच्या आधी मुद्दाम आठवडाभर थांबवलं, त्यांच्या डॉक्टरांशी बोलून. तोवर सतरा-अठरा दिवस झाले होते, चार किलो वजन उतरलं होतं आणि ढेकरांना घाण वास येतो असं ते अगदी संकोचून म्हणाले.

तिसऱ्यांदा डबी देताना मी सहज विचारलं, काका घरात लहान मूल आहे का. म्हणाले, नात आहे ना दोन वर्षांची, पाळणाघरात जाते, तिचंही पोट अधूनमधून बिघडलेलं असतं, तिचं सगळं मीच करतो, सूनबाई कामाला जाते. अठरा दिवसांत तीन डॉक्टर झाले होते त्यांचे, हे कुणी विचारलं नव्हतं, आणि पहिल्या दिवशी मीसुद्धा नव्हतं विचारलं.

सलाइनच्या थेंबात काही दिसलं नाही. मग उरलेलं सॅम्पल फॉर्मेलिन-इथर करून सेंट्रिफ्यूज केलं, म्हणजे सिस्ट तळाशी गोळा होतात, तळाचा एक थेंब आयोडीनमध्ये घेतला, आणि चौथ्या की पाचव्या फील्डला लंबगोल सिस्ट, आत चार न्यूक्लियस आणि मधोमध त्या ओळखीच्या रेषा, जिआर्डियाच. अँटिजेनही पॉझिटिव्ह आली. मी डॉक्टरांना फोन केला आणि नातीबद्दलही सांगितलं. मग आमच्या फॉर्मच्या गठ्ठ्यावर पेनने एक ओळ लिहायला घेतली, 'घरात पाळणाघरात जाणारं मूल आहे का', आणि तिच्याखाली दुसरी, 'सॅम्पल किती वाजताचं'. छापून येईपर्यंत हातानेच लिहितेय.